खिसा कापू नका म्हटलं होतं

नाही, पण मला सांगा, खिशात खडे भरले म्हणून कोणी अख्खा खिसा कापून टाकतं का? तुम्हाला सांगतो, उभा जन्म शिलाई मशीनवर गेला माझा, खिसा उलटा करायचा, झटकायचा, झालं! आणि ती डॉक्टरीणबाई, माझ्या लेकीच्या वयाची हो, शांतपणे म्हणते, "काका, पित्ताशयात खडे आहेत. खड्यांबरोबर पित्ताशयही काढायचं, ठेवलं तर पुन्हा खडे होतात. पोटाला चार बारीक भोकं पाडू, दुर्बिणीतून काम होईल." चार भोकं! अहो, शिवण न उसवता अस्तर काढून दाखवा मला! म्हटलं, कापायचंच तर सरळ रेघ मारून कापा... तर म्हणे, "मोठी चीर अगदी अडलं तरच. आणि उशीर नको, खडा सरकला तर पंचाईत होईल." भल्याचंच सांगत होती बिचारी. पण ऐकेल तो शिंपी कसला!

त्यात टेबलावर लेकीचा कोट कापून ठेवलेला. पोरीची पहिली नोकरी, तीही लांब, थंडीच्या देशात, आणि रेडिमेडला आयुष्यभर शिव्या घातलेला बाप घरात! बायको म्हणाली, "अहो, आधी पोट, मग कोट." मी म्हटलं, आधी कोट. जेवलो की उजव्या बरगडीखाली अशी कळ यायची, पार पाठीत जायची, मी मशीनवर ओणवा... "काय झालं हो?" "काही नाही, सुईत दोरा ओवतोय!" अर्धा अर्धा तास कोण दोरा ओवतं? पण ऐकेल तो शिंपी कसला!

आणि सरकला ना खडा! कोटाला बाह्या लावायच्या बाकी, आणि मी हुडहुडी भरून आडवा. डोळे पिवळेजर्द, ताप फणफणलेला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, एकाचं दोन करून घेतलंत. खडा पित्तनलिकेत अडकलाय. आधी तोंडातून दुर्बीण घालून तो काढू, ताप-कावीळ उतरली की मग पित्ताशय." तोंडातून! म्हणजे खिशातलं काढायला कॉलरमधून हात! पण काढला हो तिने, खोटं कशाला बोलू. पुढे पित्ताशयही त्या चार भोकांतूनच काढलं, आणि टाके असे घातले की मीच दोनदा चष्मा लावून पाहिले.

पण या दोन कामांच्या मधेच लेक निघाली. वॉर्डात निरोप घ्यायला आली ती अंगात रेडिमेड कोट घालून! चार भोकांना घाबरलो आणि पोरीला माझ्या हातचा कोट नाही मिळाला! ती वाकली, मी सलाइनच्या हाताने शिवण चाचपली, खांदा पाहिला, कॉलर पाहिली... खोट म्हणून सापडेना! तशी हळूच म्हणते कशी, "बाबा, काखेत जरा आवळतोय हो. सुट्टीत आले की तुम्हीच सैल करून द्या."

कुठेही आवळत नव्हता! माझी नजर आहे, मला कळत नाही? तरी मी मान वर करून म्हटलं, "बघ! रेडिमेड ते रेडिमेडच!" आणि तोंड भिंतीकडे केलं, डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता येईल ती सुट्टीत, आणि मला तो चांगला धडधाकट कोट उसवून पुन्हा होता तस्सा शिवायला लागणार.