कागदापुरती चूल

माझं माहेर फर्दापूरचं, दिलं वेरूळला. सासरी एका चुलीवर अकरा माणसं, मेंढरं वेगळीच. मी थोरली सून, चौथी शिकलेली, म्हणून घरातल्या साऱ्या याद्या माझ्याकडं. मेंढरांमागं कोण, दळणाला कोण, भाकरी कोणी थापायच्या, सगळं वहीत. धाकटी जाऊ कांता हसायची, म्हणायची आक्का, मला शिंक कवा यावी तेबी लिहून ठेवा. पण ऐकायची, लई ऐकायची माझं.

मग घरकुलाचं आलं. रेशनकार्ड फोडलं तर दोन घरं मिळतील असं कोणी तरी सांगितलं. आमचे हे नको म्हणत होते, मीच म्हणलं, कागदावर वेगळं व्हायला काय जातंय. कागदांची यादी केली, दिराला तहसीलला धाडलं. तर म्हणे पाहणीला साहेब येणार, त्याला दोन चुली दिसायला पाहिजेत. मीच गोठ्याशेजारी तीन दगड मांडले, कांताला म्हणलं आजच्यापुरता इथं चहा ठेव. साहेब आला, इथं कोण रांधतं म्हणला, ती म्हणली मी, आणि पदराआड हसत होती. साहेब गेला.

आता काय सांगू तुम्हाला. ती मला म्हणली, "आक्का, विझवू का?"

आणि मी म्हणलं, "राहू दे, परत आला म्हंजी?"

एवढंच. साहेब काय परत आला नाय. पण पेटलीच हाय म्हणून सांजच्या भाकरी तिनं तिथंच टाकल्या, दुसऱ्या दिवशी पीठ नेलं, मग तिची लेकरं तिथंच जेवायला लागली. मला दिसत होतं. कामाचा मेळ बसंना म्हणून मी वहीतली तिची पाळी खोडली. तोंडानं बोलावलं नाय. मला वाटलं, तिलाच वेगळं पाहिजे.

घरं दोन झाली, मेंढरं वाटली, मग विकली. दीर संभाजीनगरला कंपनीत लागला, बिऱ्हाड गेलं. सासू गेली, पोरी दिल्या, लेक पुण्याला. आता आम्ही दोघंच.

गेल्या महिन्यात कांताच्या नातवाच्या बारशाला गेले. न राहवून विचारलं, का गं, तवा परत आपल्या चुलीवर का आली नाहीस? ती पाळण्याची दोरी ओढत म्हणली, तुम्ही विझव म्हणला नाहीत, आक्का, मला वाटलं आमचं तुम्हाला जड झालं. सारा उन्हाळा वाट बघितली मी तुमच्या हाकेची.

नाय गं म्हणायला वीस वर्षं उशीर झाला. तिच्या घरात सून, लेक, नातवंडं सारी एकाजागी जेवतात, तेवढं तसंच राहो. तिनं ताट वाढलं, मी जेवले.