सुधीरच्या जहाजावरचा वारा

आमच्या तरसालीच्या सुधीरने टेबलावर मावेल एवढं लाकडाचं जहाज केलंय ना, त्याची खरी गंमत तुम्हाला माहीतच नाही. दोन वर्षं तो ते घरात बांधत होता. शिडांचे बारीक दोरे हलतात म्हणून भर मे महिन्यातसुद्धा पंखा लावायचा नाही, हा त्याचा नियम. अंजूवहिनी बिचाऱ्या पदराने वारा घेत बसायच्या.

जहाज पुरं झालं तेव्हा आम्ही तिघं जहाजवेडे तपासायला गेलो. घाम पुसत, भिंग लावून एकेक दोरा मोजला. शेवटी महेशभाई म्हणाले, "एकदम बराबर छे." सुधीरचे डोळे भरून आले.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. जहाजाकडे बघून म्हणाल्या, "अहो, शिडं पुढे फुगलीत आणि झेंडा मागे फडकतोय. वारा नक्की कुठून येतोय?"

आम्ही तिघंही आपापल्या कपात बघत बसलो. सुधीर हळूच म्हणाला, "इतक्या वेळा पाहिलं, पण लक्षातच आलं नाही."

"कसं येणार?" म्हणत वहिनींनी पंखा चालू केला. "दोन वर्षांत या घरात वारा आलाय कुठे?"