सव्वाचारचा गजर

— नाही हो, सरकतो की मी, बसा तुम्ही. बाक काय माझ्या बापाचा आहे? पाठच अशी आहे, बसलो तर उठवत नाही नि उठलो तर बसवत नाही, म्हणून असा पसरलोय. कुणाला न्यायला आलात — मुलीला? कुठल्या कोर्सला? वेल्डिंगच्या? मुलगी, आणि वेल्डिंग! झकास. चांगलं केलंत भाऊ, खरंच सांगतो. वेल्डिंगमध्ये चुकलं तर लोखंड तुटतं, माणूस मरत नाही. माझी बायको नर्सिंगला आहे. म्हणजे आहे की होती, ते आत्ता ठरतंय. तो काचेचा दरवाजा दिसतोय ना — चाळीस मिनिटं झाली. आत पाच बायका नि एक बाप्या बसलेत, कमिटी म्हणे, आणि समोर एकटी रोंडा. मला म्हणाली, तू बाहेरच थांब डेल, तू घसा खाकरलास तरी माझं अवसान जातं. थांबलोय. दुसरं करतोय काय?

दोन वर्षांचा कोर्स. म्हणायला दोन. आत शिरायलाच तीन लागली — आधी शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, मग यादी, पहिल्या साली यादीत नावच नाही. आणि ही काय कोरी पाटी होती? सोळा वर्षं वृद्धांच्या होममध्ये मदतनीस, अजूनही तिथे पाळ्या करते. म्हाताऱ्यांना अंघोळी घालायच्या, कुशीवर वळवायचं, कुणी गेलं की डोळे मिटायचे. गंमत बघा, तेच आडवं आलं. पेपरात विचारलं, म्हातारा खोलीत पडलाय, आधी काय कराल? हिने उत्तर दिलं, दुसऱ्या बाईला हाक मारीन, दोघी मिळून उचलू. चूक! आधी तपासायचं, शुद्धीवर आहे का, हाडबीड मोडलंय का, उचलायचं मग. आता सोळा वर्षं मोडक्या बिऱ्हाडासारख्या त्या होममध्ये दोघीच असायच्या चाळीस म्हाताऱ्यांना, तपासणार कोण नि कधी? पण चूक ती चूक. घरी येऊन रडली. म्हणाली, डेल, मी किती जणांना असंच उचललं असेल रे.

औषधाच्या मापाची परीक्षा असते, तिच्यात शंभरातले शंभर लागतात. नव्व्याण्णव म्हणजे नापास — हसू नका, खरं आहे! रुग्णाला नव्व्याण्णव टक्के बरोबर औषध देणार का, असं त्या मिसेस ट्रिव्हेट विचारतात. मुख्य बाई त्या. आमच्या घरात दोन वर्षं संत्रं धड खाल्लं नाही कुणी, सगळ्या संत्र्यांना इंजेक्शनच्या सरावाची भोकं. आणि रक्तदाब मोजायला माझा दंड. रोज. बीन्स शिजत टाकायची नि पट्टा घेऊन यायची. खाणीत तेवीस वर्षं काढली मी, छत कोसळू नये म्हणून त्याला बोल्ट मारायचो, पण मला छातीत किती फासळ्या असतात ते हिने शिकवलं. बारा जोड्या. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात खाण बंद झाली, पाठ त्याआधीच गेली होती, तेव्हापासून घरात मी नि तिची पुस्तकं. आणि समारंभ असतो शेवटी, ठाऊक आहे? पांढरा पोशाख, प्रत्येकीच्या छातीवर पिन लावायची, आणि लावायची घरच्याच माणसाने. मी लावायची. दोनदा विचारलंन, हात थरथरणार नाहीत ना तुझे?

मग अडलं कुठे? अडलं खाड्यात. हॉस्पिटलची ड्युटी साडेसहाची. पहाटे साडेसहा. एक मिनिट उशीर म्हणजे खाडा, नि दोन खाडे म्हणजे घरी — शेवटचा महिना असो की पहिला. पहिला खाडा फेब्रुवारीत, घाटात बर्फ साचलं होतं, आमचा पिकअप ट्रक सरकत सरकत नेला तिने. ट्रिव्हेटबाई वॉर्डाच्या दारात घड्याळ धरून. सहा चौतीस. परत पाठवली! चार मिनिटांसाठी! मी म्हटलं, कसली बाई आहे ही, दगड! तर रोंडाच मला म्हणते, बरोबर आहे तिचं, रात्रपाळीची नर्स माझी वाट बघत उभी असते. आणि दुसरा मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी. सव्वीस दिवस राहिले होते हो. सव्वीस.

वीज गेली होती. हो ना. घड्याळ विजेवरचं, लाल आकड्यांचं, सव्वाचारचा गजर लावलेला — वाजलाच नाही. ती उठली तेव्हा उजाडलं होतं. आता नियमात आहे तसं, दोन कारणांनी खाडा माफ होतो. एक, घरात कुणी गेलं तर. दुसरं, माणसाच्या हाताबाहेरचं काही घडलं तर. वीज हाताबाहेरचीच की नाही? तेच लिहिलंय तिने अर्जात. तीन वेळा खाडाखोड करून लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, ठीक आहे. मी तर जागाच होतो त्या पहाटे, मला झोप लागते कुठे. टीव्हीवर हवामान लावून बसलेलो, आवाज बंद करून, म्हटलं घाटात धुकं असलं तर तिला सांगावं, सावकाश ने म्हणून. मी रोज बघतो ते —

काय? असे काय बघताय?

हां. टीव्ही. हो, चालू होता टीव्ही.

जाऊ द्या ना, तुम्ही काय पोलीस आहात? — नाही नाही, बसा. बसा हो. कुणाजवळ बोललेलो नाही मी. झोपली होती ती. पलंगावर पुस्तक, पुस्तकावर गाल, बूटसुद्धा काढले नव्हते. आदल्या दिवशी होममध्ये पाळी केलेली, वर अभ्यास. तोंड उघडं, पांढरी फटक. मला वाटलं, मरेल ही. खरंच वाटलं. म्हटलं झोपू दे एक दिवस. गजराचं बटण मला सापडेना, म्हणून पिनच उपटली भिंतीतून. एवढंच. पाच वाजता लाज वाटली, परत लावली. तर ते बारा-बारा करत लुकलुकायला लागलं, नि मला काही धीर झाला नाही तिला हलवायचा. तेव्हाही निघाली असती तर पोचली असती का? असती कदाचित.

उठली, खिडकीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं! पायरीवर बसली नि मला विचारलंन, वीज गेली होती का रे? तिनेच विचारलं. मी नुसता हो म्हणालो.

दया आली म्हणून केलं. हो. दयाच. — बरं, दयाच नुसती नव्हती. झालं समाधान? तिकडे लांब लेक्सिंग्टन शहरातल्या हॉस्पिटलचा माणूस आला होता कॉलेजात, पास हो नि सरळ आमच्याकडे ये म्हणाला तिला. ती मक्याचा पाव मोडता मोडता मला सांगते, तूही चल, तिथे तुझ्या पाठीला डॉक्टर मिळेल. मी तिकडे काय करू? पार्किंगमध्ये बसून तिची वाट बघू? फोनवर मैत्रिणींशी बोलते, त्यातलं अर्धं मला कळत नाही. हसते, ते कशाला हसते तेही कळत नाही. मला भीती वाटते भाऊ. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणालो ना मी मनाशी — खोटं. साफ खोटं. नियमांचा कागद तिने फ्रिजवर चिकटवलाय. दोन वर्षं फ्रिजमधलं दूध घेताना वाचतोय मी तो. दोन खाडे. पाठ आहे मला.

आणि आता काय करू, सांगा? बोललो, तर तिचा अर्ज खोटा ठरतो, आणि खोटं बोलणारीला नर्सिंगमध्ये उभं करत नाहीत, खाडा परवडला. नवऱ्याने फसवलं हे कोण मानणार? नाही बोललो, तर... तर काही नाही. तसंच राहायचं जन्मभर. वीज कंपनीला कुणी एक फोन केला, की संपलं. दहा दिवस मी फोन वाजला की दचकतो. जेवण जात नाही. ती म्हणते, माझ्यासाठी किती जीव टाकतोस रे!

आली. ती बघा, दार उघडलं. निळ्या स्वेटरमधली. हसतेय... हसतेय हो! काय गं? झालं? — मला? मला कशाला? — अगं पण मी काय सांगणार त्यांना? — हो. हो, ऐकू येतंय. एवढंच ना, वीज गेल्याचं स्वतः पाहिलंय असं तोंडी सांगायचं नि खाली सही करायची. की माफ. — काय सांगितलंस त्यांना? 'डेल कधी खोटं बोलत नाही'? असं सांगितलंस?

आलो गं. आलो, पाठ सरळ होऊ दे. तू हो पुढे.

हात द्या जरा, भाऊ. हं. — तिच्याकडे बघू नका असं. आणि माझ्याकडेही नको. काय बोलू मी आत? सांगा ना, तुम्ही तर बाहेरचे, तुम्हाला काय — नको. नको, काही सांगू नका. तुमची पोरगी सुटली असेल. जा तुम्ही. उठा, जा म्हणतो ना!