धैर्यशीलनं जिंकलेला डाव

न्हाय म्हणालो न्हवं पावणं, मी आता बुद्धिबळ शिकवत न्हाय कुणाला — कोण म्हणालं तुमास्नी, गणपतराव शिकवतोय म्हणून? तालमीतलं कोण? त्यास्नी काय, ते अजून जुनंच धरून बसल्यात. बसा, आलायसा तर पाणी प्या. पोरगी कितवीत? दुसरीत! आन् घोडा अडीच घरं जातोय हे ठावं हाय म्हणती — हुशार हाय की. तिला अंगणात खेळू दे जरा, हे बोलणं तिच्या कानावर नगं.

मी एस्टीच्या वर्कशॉपात फिटर हुतो. रविवारी सकाळी तालमीच्या माडीवर पट मांडायचा — पेठंतली तीस-चाळीस पोरं माझ्या हाताखालनं गेली. पण पयला चेला आमचा धैर्यशील, माझा एकुलता पोरगा. पाच वर्साचा असल्यापास्नं मांडीवर बसवून शिकिवलं — प्यादं कसं चालतंय, उंट कसा तिरका धावतोय. दया मात्र कधी केली न्हाय — हरवायचो, रडवायचो. म्हणायचो, मला हरिवशील तवाच तुला खेळाडू म्हणीन. आन् हरिवलं की त्यानं! नऊ वर्साचा हुता. समद्यांच्या म्होरं. वजीर फुडं सारला — मी हत्तीनं खाल्ला, खुशीत — आन् त्यानं घोडा उचलून ठिवला. मात! माझ्याच हत्तीनं माझ्या राजाची वाट अडिवलेली. बघतोय, परत बघतोय — जागाच न्हाय. माणसं हसाय लागली, "गणपतराव, पोरानं लोळिवलं की तुमास्नी!" पोरगं माझ्या तोंडाकडं बघतंय. कशासाठी? मी त्यो एक शब्द म्हणावा म्हणून — दुसरं काय पायजे हुतं त्याला? आन् मी काय म्हणालो — "मीच सोडला डाव. रोज रडतंय, म्हणलं एकदा जिकू दे."

रडला न्हाय. सोंगट्या डब्यात भरल्या, एकेक करून, आन् घरला गेला. फुडच्या रविवारी हाक मारली तर म्हणला, "अभ्यास हाय आबा." झालं — पटाला परत हात लावला न्हाय. आयटीआय केलं, शिरोलीला फौंड्रीत लागला, रोज माझ्या शेजारी जेवाय बसायचा — कधी भांडला न्हाय, उलटं बोलला न्हाय. मीबी तो विषय काढला न्हाय. रोज वाटायचं, आज सांगू. बापाला जड जातंय हो.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटंत त्याला ॲडमिट केलं, आत कुणाला सोडत न्हवते. एका दुपारी तिथल्या नर्सबाईनं व्हिडिओ कॉल लावून दिला. तोंडावर मास्क, दम लागतोय — आन् विचारतंय काय पोरगं? "आबा, त्यो डाव... खरंच सोडलावतासा?" एकोणतीस वर्सं झालती, पावणं. त्याच्या मनातनं गेलंच न्हवतं. किती येळ लागला असता मला? "न्हाय बाळा, तू जिकलावतास" — एवढंच म्हणायचं. पण मी हसलो. हसलो आन् म्हणलं, "आदी बरा हून घरला ये, मग सांगतो." वाटलं, त्या ओढीनं तरी येईल — न्हाय, खरं सांगू? तसंबी न्हवतं. तवासुदिक जिभंवर आलं न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, गेला म्हणून.

काय म्हणालासा? त्याला ठावंच असंल? ठावं असतं तर विचारलं असतं व्हय त्यानं!

आन् आमची तानाबाई — त्याची आई — अजून विचारती, शेवटचं काय बोलला वो माझा पोरगा? मी सांगितलंय, "आईला जपा म्हणला." तेवढ्यावर जगतीया ती. शेजारणींस्नी सांगती, पावण्यारावळ्यांत सांगती, डोळं पुसती आन् परत सांगती. आता तिला मी कुठल्या तोंडानं —

थांबा. फाटक वाजलं. तीच आली मंडईतनं. उठा पावणं, पोरीला हाक मारा, निगा आता. आन् तिनं विचारलं कशाला आलतासा, तर पत्ता चुकला म्हणून सांगा.