मागच्या चाकाखालचं ओलं

(सर्बियातलं डोंगरउतारावरचं एक गाव. रविवारची दुपार. अंगणात जॅकवर चढवलेली जुनी गाडी, डावं मागचं चाक काढून गवतावर ठेवलेलं. गाडीपाशी वुकोसाव आणि त्याची मुलगी कोसारा. थोड्या वेळानं त्याची बायको मिलुंका स्वयंपाकघरातून बाहेर येते.)

वुकोसाव: बघ, पुन्हा चाकाखाली ओलं! म्हणत होतो ना, गळतंय.

कोसारा: बाबा, सकाळी तू ब्रेकचं तेल रेघेपर्यंत भरलंस. आत्ताही रेघेलाच आहे. मग गळतंय काय?

वुकोसाव: मला नको शिकवूस. ब्रेकचे नवीन लायनर मी बसवले, नळीतली हवा मी काढली.

कोसारा: आणि पेडल मी दाबत बसले. पाय अजून भरून आलाय.

वुकोसाव: तेच म्हणतो. दुखऱ्या पायानं एवढं लांब जाऊ नये. उद्या जा.

कोसारा: उद्या सकाळी सातला मला प्रयोगशाळेत हजर व्हायचंय. नोकरीचा पहिला दिवस आहे, बाबा. आणि सुबोतित्सा काय कोपऱ्यावर आहे? अर्धा देश ओलांडायचाय.

वुकोसाव: अर्धा देश, आणि ब्रेक गळका! सिलिंडरचं रबर गेलं असणार. उद्या दुकान उघडलं की...

कोसारा: पहिली चक्कर मारून आलो तेव्हा म्हणालास, नट ढिला आहे. दुसऱ्या चकरेनंतर म्हणालास, नळी. आता रबर. पुढच्या वेळी म्हणशील, गाडीच रडतेय.

वुकोसाव: म्हणेन. जुनी गाडी आहे, तिलाही माया असते.

मिलुंका: झालं का रे तुमचं? कोसारा, आयवारच्या, भाजक्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्या स्वेटरात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवल्यात. मिरच्या आपल्याच आहेत, तिकडे कुणाला वाटत बसू नकोस.

कोसारा: आई, तुझ्या हातात काय आहे?

मिलुंका: कुठे काय? पाण्याचा जग.

कोसारा: रिकामा?

मिलुंका: मघाशी भरलेला होता. तुम्ही निघालात ना तेव्हा.

कोसारा: निघालो कुठे? ब्रेक तपासायला कोपऱ्यापर्यंत गेलो होतो!

मिलुंका: ते मला कसं कळणार? गाडी हलली की मी ओतते. जाणाऱ्याच्या मागे पाणी ओततात. वाट पाण्यासारखी सुरळीत होते. तुझ्या प्रत्येक परीक्षेला ओतलंय मी. नापास झालीस का कधी?

कोसारा: आणि आम्ही परत आलो की?

मिलुंका: मग ते पाणी वाया गेलं! पुन्हा नवीन. दर खेपेला घाईत जरा जोरात फेकते, तर चाकावरच बसतं.

कोसारा: चाकावर!

मिलुंका: स्वयंपाकघराचं दार गाडीच्या डाव्या बाजूला आहे, त्याला मी काय करू? आणि तुम्हाला दिसेल कसं? निघताना मागे वळून बघू नये, एवढं एक तरी पाळता दोघं.

कोसारा: बाबा, ब्रेकचं तेल बुळबुळीत लागतं. लवकर वाळतही नाही. तू या ओल्याला बोट लावून बघितलं नाहीस?

वुकोसाव: ग्रीसनं माखलेले हात. काय कळणार?

कोसारा: सगळ्या गल्लीच्या गाड्या तू उघडतोस.

वुकोसाव: बरं बरं. दुसऱ्या चकरेनंतर लावलं होतं.

कोसारा: मग?

वुकोसाव: पाणी होतं.

कोसारा: मग चाक कशाला काढलंस? आणि आत्ता पुन्हा?

वुकोसाव: पाना हातातच होता.

मिलुंका: अरे देवा! आणि मी आपली वेड्यासारखी नळावर खेपा घालतेय.

कोसारा: बाबा...

वुकोसाव: चाक धर. असं नाही, सरळ. हं. ब्रेक सकाळीच नीट लागले होते. पहिल्याच झटक्यात. माझं असं कधी होतं का? आजच व्हायचं होतं.

मिलुंका: मी जग भरून आणते.

वुकोसाव: आण. या खेपेला मी ओततो.

कोसारा: चाकावर नको हं.

वुकोसाव: चल, बस गाडीत. अंधार पडायच्या आत पोच.

कोसारा: येते, बाबा. मागे वळून बघणार नाही.

वुकोसाव: नकोच बघूस. फक्त खाली पुलाच्या वळणावर एकदा ब्रेक दाब. लाल दिवे मला इथून दिसतात.