रस्त्याकडे पाठ केलेली चांदणी

माहेर माहं मोताळ्याकडचं. बाप आमच्या ख्रिस्ती देवळाची घंटा वाजवे, नाताळाले नवा सदरा घाले, बाकी सालभर दुसऱ्याच्या वावरात राबे. आमी चौघी बहिनी, मी तिसरी, अन् तिसरीकडं कोन पाह्यते, सतरा वर्साची असन तं दिलं मले अठी वडनेरात. नाव माहं मार्था. पन गावात इचारा मार्था कोन, कोनी सांगनार नाई. चांदनीवाल्याची बायको म्हना, लहान पोट्टंही दारापर्यंत आनून सोडन तुमाले. चाळीस वर्सं झाले, हेच नाव.

काय सांगू तुमाले त्या चांदनीचं. आमचे हे नांदुऱ्याले कूलरच्या दुकानात पत्रा कापाचे, हातात कला होती, खोटं काऊन बोलू. लग्नाच्या पह्यल्याच नाताळाले म्हने आपल्या दारात अशी चांदनी लावतो का हायवेवरच्या बसमंधून दिसली पायजे. इकत आनाले पैसा कोनापाशी होता, मंग घरातलंच काढलं. मांडवाचे जुने बांबू, बांधाले सायकलच्या फाटक्या ट्यूबीच्या पट्ट्या, मधात कूलरच्या पंख्याची जाळी, मांगून खताच्या रिकाम्या थैल्या, अन् समोरून माह्या सासूचं लुगडं अन् माही एक पिवळी साडी. चमकाले बिस्कुटाच्या पुड्यायचे चांदीवाले कागद. दोन मानसं एकावर एक उभे केले तं होईन येवढी उंच. अन् मंग दर सालाले तेच. एखादी साडी इरली का मी म्हनो फडकं करू, हे म्हनत नाई, ठेव, चांदनीले लागन. घरात चांगलं फडकं म्हनून राह्यलं नाई कधी.

आता ऐका, बांबू बांधाचे त्याईनं, ते एका दुपारचं काम. बाकीचं कोन करे? दिवाळी झाली का मी बसाची दाभन घेऊन, पोतं शिवाची मोठी सुई असते ना तेच, अन् सुतळीनं साडी-थैली एकात एक बांबूले शिवत जाची, महिनाभर, भाकरी थापून, वावरातून येऊन. बोटायले भोकं पडत. मैद्याची खळ करून कागद चिटकवाचे तेही मीच. अन् नाताळाच्या आदल्या दिवशी हे निंबावर दोर टाकाचे, चांदनी वर ओढाचे, मंग रस्त्यावर जाऊन कमरेवर हात ठेवून उभे, मले म्हनत इकडं फिरव, आनखी फिरव, अन् तोंड रस्त्याकडं आलं का बांधून टाकाचे. येनारा-जानारा म्हने वा भाऊ, काय चांदनी केली. हे हासत. मी तवरोक परत चुलीपाशी, करंज्या तळून राह्यली. राग ये मले. पन सनासुदीचं कोन बोलते.

यंदा मिरगात त्याईले लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलनं जड झालं. तवापासून उठवनं, पुसनं, कूस बदलनं, भरवनं, समदं माह्यावर. बाज खिडकीपाशी ठेवली, तेवढाच उजेड. माही कंबर तं आता माही राह्यलीच नाई, रात अन् दिवस सारखाच झाला. पोरगा पुन्याले असते, त्यानं कुरियरनं तयार चांदनी पाठवली, पिल्याष्टिकची, सेलवाली, बटन दाबलं का लागते. म्हने माय, आता ते बांबू-बिंबू करू नको. मले इतकं बरं वाटलं, म्हनलं सुटली वं माय एकदाची. खिळ्याले टांगून त्याईले दाखवली. त्याईनं पाह्यलं अन् तोंड भिताडाकडं केलं. दुपारी जेवले नाई, संध्याकाळी दोन घास. मी म्हनलं बरं, तुमची चांदनी पायजे ना, मी करतो. तं वाकड्या तोंडानं म्हनतात, तुले नाई जमनार.

तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. चाळीस वर्सं शिवली कोनं? अन् मले नाई जमनार? चमचा वाटीत ठेवला अन् तशीच उठली.

पंधरा दिवस घातले. त्याईची कूस बदलून याची अन् दोन टाके घालाचे, भात ठेवून याची अन् दोन टाके. चमकाले सामान लय होतं, सहा महिन्याच्या त्याईच्या गोळ्यायचे चांदीवाले पाकिटं, एक फेकलं नव्हतं, सवयच ना ते. शेजारच्या रझियाआपानं बांबू धरले, तिच्या मालकानं फांदीवर दोर टाकून देला. मी अन् आपा दोघीनं आंगनातून ओढली. वर गेली, फिरली, चमकली, आमाले वाटलं झालं, बांधून टाकली. तेवढ्यात रस्त्यावरून एक आटोवाला वरडला, चांदनीवाल्याच्या घरची चांदनी उलटी टांगली बे. पळत रस्त्यावर गेली मी. पाह्यलं तं काय, खताच्या थैल्या, त्यायच्यावरचे अक्षरं, बांबू, गाठी, अन् माह्या सुतळीचे टाके. तोंड समदं घराकडं. रस्त्यावर उभं राहून पाहाचं काम त्याईचं होतं, यंदा तठी कोनीच नव्हतं, अन् माह्या ध्यानातच नाई आलं. म्हनलं खरंच बोलले हे. नाई जमलं मले.

सांगाले आत गेली तं हे खिडकीतून पाहून राह्यले. उतरत्या उन्हानं ते पाकिटं चमकत होते, त्याचा उजेड त्याईच्या तोंडावर. मी म्हनलं उलटी झाली, उतरवून फिरवतो. तं हे म्हनले, राहू दे. मंग दम घेतला अन् म्हनले, टाके पाहू दे लोकायले. तुहेच हायेत ते.

चाळीस वर्सात पह्यल्यांदा. रडू आलं मले, लपवत नाई. पदर तोंडाले लावला, अन् मंग त्याईचं ओलं धोतर बदललं, ते तं करनंच होतं.

सांजच्याले आमच्या देवळाच्या मंडळीतले पोरं-पोरी गाने म्हनत आले. दर सालाले फाटकापासूनच जात, यंदा तठी थांबून इचारतात, काकी, उलटी काऊन? मी म्हनलं पाहाची असन तं आंगनात या. आले सारे, खिडकीपाशी उभे राहून गायले, हे डाव्या हातानं बाजेवर ठेका धरत होते.

आता संक्रात झाली तरी टांगलीच हाय. मी रोज म्हनतो काढू, हे म्हनतात राहू दे. पुढच्या सालाले कोन करते, देव जाने, माह्या बोटायनं सुई धरवत नाई आता. पोराची ते बटनवाली सैपाकघरात लावली, लाइन गेली का कामी येते. च्या घ्या, थंडा झाला. बस येईनच तुमची, देव बरं करो तुमचं. अन् रस्त्यावर गेले का एकदा मांगं वळून पाह्यजा. टाके दिसतीन.