दादाची बाजू

म्हापशाच्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी बाळाला मांडीवर घेऊन प्रिंटरची वाट बघत होते. माझ्या पुढच्या माणसाने पिशवीतून लॅपटॉप काढून दुकानदारापुढे ठेवला.

"संतोष, दादाचां विंडोज दिसना रे. दादाच्या तनयाक कॉलेजात लिनक्स होया, तां मीच घातलां."

"दोन्ही सिस्टम ठेवायच्या होत्या ना, गुरुदासबाब?"

"म्हणानच तर! वयनी म्हणाली, भावोजी, ह्यांची बाजू हलवू नकात. बोटीवरसून पाठयलेलो ह्यांचो आवाज आसा त्यात."

"पूर्ण डिस्क वापरू का, असं लिनक्सनं विचारलं तेव्हा काय दाबलंत?"

"होय. कंप्युटर अख्खो घरचोच, म्हटलां."

"अहो, त्यानं आधीचं सगळं पुसलं! आवाज दुसरीकडे कुठे ठेवलाय?"

"नाय. दादा गेलो त्येका दीड वर्स झालां. वयनीक अजून ऐकूक धीर होयना. पण तो आवाज घरात आसा म्हणान चार घास जेवता."

"शोधून बघतो. पण त्याच जागेवर लिनक्स बसलंय, आशा धरू नका."

"मगे एक कर. चालू करताना दोन नावां येतत मा? थंय विंडोज नुसतां लिवन ठेव."

"लिहीन. पण दाबलं तर काही उघडायचं नाही."

"ती दाबूची नाय."

"आणि दाबलंच एखाद्या दिवशी?"

"मगे मी लॅपटॉप घेवन येतंय तुझ्याकडे. तू तिका सांग, आजच बिघडलो म्हणान."